दहा-आठ

गेल्या वर्षी भाऊबीजेला आमच्या घरी तेरा पाने झाली. कॉलेज रोडवरचा आमचा फ्लॅट काही एवढ्या माणसांच्या बेताने बांधलेला नाही. त्यामुळे पंगत दिवाणखान्यात सुरू झाली ती वळसा घेऊन थेट माझ्या देवघराच्या दारापाशी संपली. बासुंदी दोनदा फिरली. पुरुषमंडळी आता जरा पाठ टेकावी अशा विचारात होती. एवढ्यात माझ्या नातीने वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले,

"मी टेनिस सोडतेय."

पोरगी तेवीस वर्षांची. नवव्या वर्षापासून तिच्या हातात रॅकेट आहे. तेराव्या वर्षी तिला पुण्याला ठेवली. तिच्या आईने तीन वर्षे तिथे खोली घेऊन संसार दोन चुलींवर केला. माझ्या मुलाने प्रॉव्हिडंट फंडातून दोनदा पैसे काढले. दोन वर्षांपूर्वी ती परदेशी खेळायला निघाली तेव्हा माझ्या पाटल्या मोडल्या. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. त्या पाटल्या नाहीतरी आता मनगटात चढत नव्हत्या. पण हा सगळा हिशेब त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात झाला, आणि तो चेहऱ्यांवर दिसला.

मुलगा काहीच बोलला नाही. आंचवायला उठला, आणि मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला. सून माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही तरी सांगा तिला."

मला सांगायला लावले याचे कारण उघड होते. आमच्या घराण्यात टेनिस आणले ते मी. माझी गोष्ट तर घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: आजी काय सुंदर खेळायची, पण लग्न झाले, सासरी खेळू दिले नाही, रॅकेट खुंटीला लागली. "आजीला मिळालं नाही ते तुला मिळतंय" हे वाक्य त्या पोरीने रामरक्षेइतक्या वेळा ऐकले असेल.

मी म्हटले, "आधी हात धुऊन या सगळ्यांनी. मग बघू." आणि वेळ मारून नेली.

माझे माहेर जुन्या नाशकात, गंगेकाठी. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. वडील शाळेत संस्कृत शिकवीत; त्यांना आम्ही दादा म्हणत असू. धाकटे काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे जिथे पोस्टाची तिकिटे आणि नोटा छापतात तिथे, कारकून होते. दिवसभर लाखांनी पैसा नजरेखालून जाई, आणि महिनाअखेरीला हा गृहस्थ आईकडे पाच रुपये उसने मागत असे.

काकांना टेनिसचे वेड होते. क्लबाचे सभासद होण्याची ऐपत नव्हती. पण रॅकेटला तात भरण्याची कला त्यांनी कुठून तरी हस्तगत केली होती. वकीलमंडळींच्या आणि डॉक्टरांच्या रॅकेटी ते दुरुस्त करून देत आणि त्या बदल्यात रविवारी सकाळी त्यांना एक तास कोर्ट मिळे. १९६० साली, मी बारा वर्षांची असताना, ते मला सायकलीच्या दांडीवर बसवून तिथे नेऊ लागले. कोर्ट मुरमाचे. आधी पाणी मारायचे, मग रोलर ओढायचा, मग चुन्याच्या रेघा आखायच्या. एवढे होईपर्यंत निम्मा तास संपलेला असे. रॅकेट लाकडी. ती दमट हवेत वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायची. त्या चौकटीलाही प्रेसच म्हणत, त्यामुळे "काका प्रेसमध्ये आहेत" या वाक्यावर आम्ही पोरे फार हसत असू.

आईचा या खेळाला विरोध नव्हता. पण एकदा काका अंगणात मला गुण मोजायला शिकवीत होते, "फिफ्टीन-लव्ह, थर्टी-लव्ह," आणि आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली.

"भावोजी, काय शिकवताय पोरीला?"

"वहिनी, लव्ह म्हणजे शून्य."

"मग शून्यच म्हणा की!"

तेव्हापासून आमच्याकडे "तीस-शून्य" असेच म्हणायची पद्धत पडली.

दादा आणि काका यांचे आयुष्यात कशावर एकमत झालेले मला आठवत नाही. अपवाद एकाच घराण्याचा. तुकोबांच्या गाथेची १८६९ आणि १८७३ साली निघालेली दोन भागांची प्रत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, अथर्ववेदाचे सायणभाष्यासह संपादन ज्यांनी केले, ते शंकर पांडुरंग पंडित. त्यांची कन्या क्षमाबाई राव. आणि क्षमाबाईंची कन्या लीला राव.

दादांची भक्ती क्षमाबाईंवर. १८९० साली जन्मलेली ही बाई. वडील लहानपणीच गेले. पुढे मुंबईच्या डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी विवाह झाला. तिने गांधीजींच्या लढ्यावर संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली. इंग्रजी अमदानीत ती इथे कोण छापणार? १९३२ साली ती पॅरिसला छापली गेली. दादा यातले श्लोक वर्गात म्हणून दाखवीत आणि शेवटी, जणू स्वतःच्या नाइलाजाने, सांगत, "आणि ह्या विदुषी टेनिसही उत्तम खेळत."

काकांची भक्ती लीलाबाईंवर. लीलाबाईंचा जन्म १९११ चा. अखिल भारतीय स्पर्धेतले स्त्रियांचे अजिंक्यपद त्यांनी प्रथम १९३१ साली मिळविले आणि १९४३ पर्यंत एकंदर सात वेळा. पण काकांच्या तोंडी सदा असे ते १९३४ सालचे विंबल्डन. बोटीने विलायतेला जायला तेव्हा दोन-अडीच आठवडे लागत. पहिल्या फेरीत समोर आली ग्लॅडिस साउथवेल ही इंग्लिश बाई. पहिला सेट लीलाबाई ४-६ असा हरल्या. आता टेनिस न खेळणाऱ्या वाचकांसाठी सांगते: सहा गेम आधी जिंकेल त्याचा सेट, पण दोन गेमची आघाडी हवी, नाहीतर तो वाढतच जातो. आता सहा-सहावर टायब्रेक घेऊन निकाल लावतात. तेव्हा ती सोय नव्हती. दुसरा सेट वाढत वाढत गेला आणि लीलाबाईंनी तो १०-८ असा घेतला. तिसरा ६-२. विंबल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ती ही.

हे "दहा-आठ" आमच्या घरात म्हणच होऊन बसले. आजीचा ताप उतरेना, दादांची बढती अडली, चुलीतली ओली लाकडे पेटेनात, की काका म्हणत, "होईल, दहा-आठ होईल." त्यांचे म्हणणे असे की पहिला सेट कुणीही हरतो आणि तिसरा कुणीही जिंकतो, माणूस कळतो तो मधल्यात.

पुढच्या फेरीत लीलाबाईंना फ्रान्सच्या इदा आदामॉफने हरवले. यावर दादांचा विनोद ठरलेला: "आईचे पुस्तक पॅरिसने छापले, त्याची वसुली लेकीकडून केली!" ही इदा मूळची रशियन, वाढली फ्रान्समध्ये. तिने पुढे क्लोद बूर्दे या पत्रकाराशी लग्न केले. जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा हा बूर्दे गुप्त प्रतिकार चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी एक होता आणि पकडला जाऊन बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला. युद्ध संपल्यावर जिवंत परतला. विंबल्डनच्या हिरवळीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन तरुण बायकांच्या पुढ्यात पुढे काय काय वाढून ठेवलेले असते, ते त्या वेळी कुठे दिसते?

१९९८ साली निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनीला हरवले, तेव्हा एका वर्तमानपत्राने ठळक अक्षरांत छापले: अशा मोठ्या स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला. ती पहिली होती ती 'खुल्या' युगातली, म्हणजे १९६८ नंतरची. तो एक शब्द गाळला आणि लीलाबाई पुसल्या गेल्या. मी संपादकांना पत्र धाडले. ते छापून आले नाही. काका हयात असते तर सायकल घेऊन मुंबईला निघाले असते.

त्या 'खुल्या' शब्दाची गोष्टही सांगायला हवी, कारण पैशाचा प्रश्न तिथेच आहे. पूर्वी मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी असत. जिंकाल तर चषक घ्या. पैसा घ्याल तर बाहेर व्हा. फ्रान्सची सुझान लेंग्लेन विंबल्डन सहा वेळा जिंकलेली. १९२६ साली तिने अमेरिकेच्या दौऱ्यासाठी पन्नास हजार डॉलरचा करार केला, आणि त्याबरोबर विंबल्डनचे दार तिला कायमचे बंद झाले. पुढे तिने पॅरिसला टेनिसची शाळा चालविली आणि १९३८ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती गेली. काका तिला मनोमन माफ करीत नसत. "पैशासाठी खेळली!" म्हणत. पाच रुपये उसने घेणाऱ्या माणसाचा हा ताठा मला तेव्हा थोर वाटे. आता वाटते, लीलाबाईंनी कधी पैसा घेतला नाही हे खरे. पण त्या मुंबईच्या नामांकित डॉक्टरांच्या कन्या होत्या, हेही खरे. हौस फुकट होत नाही. ती कुणाच्या तरी पदराला पडतेच.

१९६८ साली हा नियम गेला. त्या वर्षी विंबल्डन जिंकणाऱ्या रॉड लेव्हरला दोन हजार पौंड मिळाले आणि बिली जीन किंगला साडेसातशे. दोघांना सारखी रक्कम द्यायला विंबल्डनने २००७ साल उजाडू दिले.

त्याच १९६८ साली, वैशाखात, माझे लग्न झाले.

आता खरी गोष्ट. लग्नाआधीच्या हिवाळ्यात काका मला मुंबईला एका स्पर्धेला घेऊन गेले. निरुपमा वसंत, ज्या पुढे निरुपमा मंकड झाल्या आणि १९७१ साली आनंद अमृतराजबरोबर विंबल्डनच्या मिश्र दुहेरीत खेळल्या, त्यांचा खेळ मी तिथे जाळीबाहेर उभी राहून पाहिला. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी माझा सामना. समोर माझ्याहून तीन वर्षांनी लहान मुलगी. सहा-शून्य, सहा-एक. अर्ध्या तासात आटोपले. तिने मध्येच जांभई दिली, ती मला आजही दिसते. परतीच्या गाडीत कसारा घाट येईपर्यंत काका बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहा-आठ होईल गं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्यानंतर मी एकही सामना खेळले नाही. स्थळ सांगून आले तेव्हा मला सुटल्यासारखे झाले. लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तू रॅकेटनं खेळतेस ना? आणली नाहीस वाटतं?" मी म्हटले, "आता कशाला?" त्या म्हणाल्या, "बघ बाई. सकाळची कामं मी उरकीन." एवढेच बोलणे झाले. दुसऱ्या वर्षी, १९६९ च्या सप्टेंबरात, गंगेला मोठा पूर आला आणि आमच्या माहेरच्या वाड्यात खालच्या मजल्यावर पाणी शिरले. खुंटीवरची रॅकेट भिजून भाजक्या पापडासारखी वळली. मला वाईट वाटले, पण हायसेही वाटले.

'सासरी खेळू दिले नाही' ही गोष्ट मी जाणूनबुजून रचली असे नाही. कुणीतरी विचारले, "मग सोडलंत का?" मी म्हटले, "लग्न झालं ना." ऐकणाऱ्याने उरलेले स्वतःच भरून काढले आणि मी त्याला अडवले नाही. पुढे शेजारणी माझी कीव करू लागल्या. एकदा तर त्यांच्यातली एक सासूबाईंच्या देखत म्हणाली, "तुमच्या वेळी फार जाच होता हो मुलींना." सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा सुपात मान घातली. त्यांनी कधी खुलासा मागितला नाही, आणि मी दिला नाही. त्यांना जाऊन आता तीस वर्षे झाली.

भाऊबीजेच्या त्या रात्री नात गॅलरीत येऊन माझ्याजवळ बसली. मी विचारले, "का गं?"

"हरतेय म्हणून." तिने सरळ सांगितले. "लोकांना दुखापत सांगते. खांदा दुखतो खरा. पण दुखरे खांदे घेऊन मुली जिंकतात. मी दोन वर्षं तिथल्या तिथे आहे, आजी."

मग तिने मला हिशेब समजावला. ती खेळते त्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. साऱ्या स्पर्धेची मिळून बक्षिसाची रक्कम पंधरा हजार डॉलर. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. विमान, खोली, जेवण, तात बदलणे, सगळे त्यातून. माझ्या पाटल्या ज्या गावी खर्ची पडल्या ते ट्युनिशियातले मोनास्तिर. तिथे आठवड्यामागून आठवडे अशाच स्पर्धा चालू असतात. हरले की पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्या फेरीला उभे राहायचे. तिथे तिला एका फ्रेंच मुलीने हरवले. सामना झाल्यावर दोघी पायरीवर बसून संत्री सोलत होत्या. ती मुलगी सव्वीस वर्षांची. म्हणाली, हा माझा शेवटचा महिना. सप्टेंबरपासून मी कॉलेजात जाणार.

"जिंकलेली मुलगी सोडत होती, आजी. आणि रडत नव्हती. संत्र्याच्या बिया मोजत होती."

थोड्या वेळाने तिने विचारले, "तुमच्या लीलाबाईंना किती पैसे मिळायचे?"

"एक दमडी नाही."

"आणि सोडल्यावर?"

तेव्हा मी तिला गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. १९४३ साली लीलाबाईंनी शेवटचे अजिंक्यपद घेतले आणि त्याच वर्षी हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी विवाह केला. पुढे त्यांनी नृत्याचा अभ्यास केला. 'नृत्तमंजरी' हे पुस्तक लिहिले, मणिपुरी नृत्यांवर १९५१ साली दुसरे. पतीबरोबर गंगटोकला राहिल्या, नंतर नेपाळला. तिथे भारताचे राजदूत असतानाच १९६४ साली, डोंगरातल्या प्रवासात, दयाळ वारले. आईच्या कथा घेऊन लीलाबाईंनी संस्कृतात नाटके लिहिली: 'बालविधवा', 'होलिकोत्सव', 'गिरिजायाः प्रतिज्ञा'. ही बातमी लागली तेव्हा आमच्या घरी मोठी मौज झाली. काका हिरमुसले, "रॅकेट टाकून लेखणी!" म्हणाले. दादांनी चष्मा पुसला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता ती माझ्या वाट्याला आली."

नात हसली. त्या दिवसातले तिचे पहिलेच हसू. आणि मग, कसे कोण जाणे, मी तिला मुंबईचा सामना सांगितला. जांभई सांगितली. सासूबाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितले.

ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे तू पण हरलीस म्हणूनच सोडलंस."

"हो."

"आणि पणजीचं नाव सांगितलंस."

"हो गं बाई."

"मी शाळेत निबंध लिहिला होता त्यावर," ती म्हणाली. "पणजीला पार खलनायिका केली होती. बक्षीस मिळालं मला." ती रागावली असावी, कारण उठून आत गेली. पण जाताना माझ्या पायावरची शाल नीट करून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला एवढेच सांगितले की पोरगी खरे बोलते आहे, तिला अडवू नकोस. बाकीचे बोलायला माझी जीभ रेटली नाही. पंचाहत्तरी उलटली तरी काही गोष्टी तोंडाने सांगण्यापेक्षा लिहून सांगणे सोपे जाते. हा लेख छापून येईल तेव्हा आमच्याकडे अंक नेहमीप्रमाणे फराळाच्या टेबलावर फिरेल आणि सगळे वाचतील. सासूबाईंचा फोटो त्याच टेबलावरच्या भिंतीवर आहे.

नातीने राहिलेले बी.कॉम. पुरे करायला घेतले आहे. सकाळी ती गावातल्या लहान मुलांना टेनिस शिकविते. त्याचे तिला पैसे मिळतात, आणि चौदा वर्षांत टेनिसने प्रथमच घरात काही आणले म्हणून तिने पहिल्या महिन्यात मला बांगड्या घेतल्या. काचेच्या. रविवारी ती मलाही कोर्टावर नेते. मी खुर्चीत बसून गुण मोजते. "तीस-शून्य" म्हटले की ती चिमुरडी मंडळी माना वळवून बघतात. आता त्यांच्यातली दोघे-तिघे तसेच म्हणू लागली आहेत.

मुलगा आम्हाला गाडीने सोडतो. आत मात्र येत नाही. फाटकाबाहेर गाडीत वर्तमानपत्र वाचत बसतो. गेल्या रविवारी एका पोराने असा काही फटका मारला की चेंडू जाळीवरून थेट रस्त्यावर गेला. तो उतरला, चेंडू उचलला, हातात थोडा दाबून पाहिला, आत फेकला, आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला. पण या खेपेला त्याने खिडकीची काच खालीच ठेवली होती.